आदेश गुप्त, कारण गुप्त, सहीसुद्धा गुप्त: महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

सन्माननीय खासदार,

स. न. वि. वि.

महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ जण जातात. हे पत्र त्या सगळ्यांना आहे, पक्ष कोणताही असो. विषय एका नियमाचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ अ सरकारला इंटरनेटवरचा मजकूर रोखण्याचा अधिकार देते. त्याखाली केंद्र सरकारने २००९ साली मजकूर रोखण्याबाबतचे नियम केले. त्यांतला सोळावा नियम म्हणतो की आलेल्या सर्व विनंत्या व तक्रारी आणि त्यांवर झालेली कारवाई यांबाबत कडक गोपनीयता पाळली जाईल. संपला नियम. गोपनीयता किती काळ, कोणापासून, कशासाठी, याबद्दल अक्षर नाही.

याचा परिणाम असा होतो की सरकार एखादी वेबसाइट, खाते किंवा मजकूर देशात बंद करायला सांगते, तेव्हा ज्या कंपनीच्या हातात तो आदेश पडतो ती त्याबद्दल तोंड उघडत नाही. आणि ज्याचे लिखाण बंद झाले त्याला ते कोणी बंद केले, का केले, नेमक्या कुठल्या वाक्यासाठी केले, हे कळायला मार्ग उरत नाही.

मी वकील नाही. लहान वेबसाइटचे सर्व्हर सांभाळणे हा माझा व्यवसाय. शाळा, पतसंस्था, दिवाळी अंक, दोन-तीन संघटना, अशी माझी गिऱ्हाइके. त्यांतले एक निवृत्त शिक्षक. शेतमालाच्या भावावरच्या सभांतली भाषणे, बाजार समित्यांची परिपत्रके आणि शासन निर्णय ते स्वतः टाइप करून आपल्या साइटवर ठेवतात. कोणाकडून पैसे घेत नाहीत, जाहिरात नाही. एका सकाळी त्यांचा फोन आला, "अरे, साइट उघडत नाहीये. पैसे भरायचे राहिलेत का तुझ्याकडून?"

पैसे भरलेले होते. डोमेनची मुदत संपलेली नव्हती, प्रमाणपत्र ठीक होते, सर्व्हर चालू होता. लॉग पाहिला तर काही ठिकाणांहून लोक साइट व्यवस्थित वाचत होते. मग फोनमधले सिम बदलून पाहिले. एका कंपनीच्या सिमवर साइट उघडायची, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर जोडणी सुरू होता होता तुटायची. आमच्या धंद्यातल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. सुरक्षित जोडणी जुळवताना ब्राउझर साइटचे नाव उघडपणे पाठवतो. ते नाव वाटेत वाचून कोणीतरी जोडणी तोडत असते. हा बिघाड नव्हता. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीतल्या एका ओळखीच्या इंजिनियरला विचारले. एरवी तासभर बोलणारा तो माणूस म्हणाला, "यावर मला काही बोलता येणार नाही. आणि हेही मी बोललो नाही असं समजा."

तो आदेश होता का, कुठल्या कलमाखालचा होता, की कंपनीतल्या कोणाच्या हातून चुकून काहीतरी झाले, हे मला आजही माहीत नाही. म्हणून मी कुठल्याही कार्यालयावर बोट ठेवत नाही. बोट ठेवायला लागणारी माहितीच मला मिळू दिलेली नाही, आणि माझी मूळ तक्रार हीच आहे.

गुरुजींना काय सांगायचे? त्यांचे वाचक त्यांना विचारू लागले, "असं काय लिहिलंत हो तुम्ही?" कारण न सांगता तोंड बंद केले की गावात लोक कारण स्वतःच ठरवतात, आणि ते कधीच त्या माणसाच्या बाजूचे नसते. शेवटी गुरुजींनी अंदाजाने जुने मजकूर काढायला सुरुवात केली. हे भाषण नको, त्यात मंत्र्यांवर टीका आहे. हा फोटो नको, त्यात रस्ता अडवलेला दिसतो. मी शेजारी बसून एकेक पान उडवत होतो. काही दिवसांनी साइट पुन्हा सगळीकडे उघडू लागली. त्यांनी काढलेल्या पानांमुळे, की आपोआप, की कोणीतरी वर चूक दुरुस्त केली म्हणून, हेही कोणी सांगितले नाही. ती पाने अजून परत ठेवलेली नाहीत. त्यांतले एकही पान काढा असे कोणी म्हटल्याचे आमच्याकडे काही नाही.

आता तक्रारी मांडतो.

सगळ्यात मोठी तक्रार न्यायाची आहे. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात याच कायद्याचे, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षा करणारे कलम ६६ अ रद्द केले, पण ६९ अ कायम ठेवले. का ठेवले, ते निकालात आहे. मजकूर रोखायचा तर कारणे लेखी नोंदवावी लागतात, त्यामुळे त्या आदेशाला उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली आव्हान देता येते. आणि मजकूर लिहिणारा माणूस ओळखता येत असेल तर त्यालाही ऐकून घ्यायचे आहे, असा नियमांचा अर्थ न्यायालयाने लावला. म्हणजे हे कलम ज्या आधारावर उभे राहिले तो आधार म्हणजे लेखी कारणे. नियम १६ ने तीच कारणे फाइलमध्ये बंद करून ठेवली. जो आदेश मी पाहिला नाही, ज्याचा क्रमांक मला माहीत नाही, त्याला आव्हान द्यायचे कसे? याचिकेच्या पहिल्या परिच्छेदात काय लिहायचे?

हे काल्पनिक नाही. तनुल ठाकूर यांनी हुंड्याच्या प्रथेवर उपहास करणारी 'डाउरी कॅल्क्युलेटर' ही साइट बनवली होती. २०१८ मध्ये ती बंद झाली. त्यांना आदेशाची प्रत द्या आणि त्यांचे म्हणणे ऐका, असे दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले ते मे २०२२ मध्ये. साइट योग्य की अयोग्य हा प्रश्न तर पुढचाच. आपल्याविरुद्धचा कागद हातात पडावा म्हणून एवढी वर्षे गेली. त्यांच्या पाठीशी वकील होते. पेन्शनवर घर चालवणारा शिक्षक दिल्लीला किती तारखांना जाईल?

दुसरी तक्रार चुकांची आहे, आणि ती मी रोजच्या कामातून सांगतो. इंटरनेटवर चुकीचे दार बंद होणे अगदी सोपे असते. एकाच पत्त्यावर शेकडो साइट असतात, एखाद्या नावातले एक अक्षर इकडेतिकडे होते, यादीत जुना दुवा राहून जातो. डिसेंबर २०१४ मध्ये ३२ साइट बंद करायचा आदेश निघाला, त्यात गिटहब, व्हिडिओंची साइट व्हिमिओ आणि जुनी वेबपाने जपणारे इंटरनेट आर्काइव्ह होते. जगभरचे प्रोग्रॅमर जिथे आपले काम ठेवतात ती गिटहबची जागा आमच्या देशात बंद, आणि आम्ही सकाळी कामाला बसून आपलेच नेटवर्क तपासतोय. २०२२ मध्ये व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची अधिकृत साइट देशातल्या अनेक नेटवर्कवर महिनोन्महिने उघडत नव्हती. घराघरांतल्या संगणकावर असलेले हे मोफत सॉफ्टवेअर. ते बनवणाऱ्या संस्थेला कोणी आधी विचारले नाही की नंतर कळवले नाही. तिने कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये साइट पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात ज्यांनी अनोळखी जागेवरून तेच सॉफ्टवेअर उतरवले, त्यांच्या संगणकात आणखी काय काय शिरले असेल याचा विचार केला की माझ्यासारख्याला झोप येत नाही.

याच्या उलट जुलै २०१५ चे उदाहरण बघा. अश्लील म्हणून ८५७ साइट बंद करायचा आदेश निघाला आणि तो बाहेर फुटला. यादी लोकांच्या हातात पडली, वाद झाला, वर्तमानपत्रांनी लिहिले, आणि थोड्याच दिवसांत सरकारने पाऊल मागे घेतले. त्या साइटबद्दल तुमचे माझे मत काहीही असो. आदेश वाचायला मिळाला म्हणून तो तपासला गेला. जे आदेश फुटले नाहीत त्यांत किती चुका पडून आहेत, हे मला कळत नाही आणि तुम्हालाही कळत नाही.

तिसरे, ज्या कंपनीला आदेश मिळतो तिने माझ्यासाठी भांडावे अशी अपेक्षा धरणेच चूक आहे. ६९ अ चा आदेश पाळला नाही तर मध्यस्थाला, म्हणजे मजकूर लोकांपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीला, सात वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. ट्विटरसारखी बलाढ्य कंपनी जुलै २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयात गेली. ३० जून २०२३ रोजी याचिका फेटाळली गेली, वर ५० लाखांचा खर्च भरायला लावला. पुढे एक्स हे नाव घेतलेल्या त्याच कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले की तिला खाती रोखण्याचे आदेश मिळाले आहेत, पण कायद्याच्या बंधनामुळे ती ते प्रसिद्ध करू शकत नाही. मे २०२५ मध्ये तिने सांगितले की आठ हजारांहून अधिक खाती भारतात रोखण्याचे आदेश आहेत, आणि बहुतेक खात्यांच्या बाबतीत कुठल्या पोस्टमुळे हे सांगितलेलेच नाही. या कंपनीविषयी मला प्रेम नाही. पण माझे बोलण्याचे स्वातंत्र्य एखाद्या परदेशी कंपनीच्या मालकाच्या त्या दिवशीच्या मर्जीवर टिकून असावे, हे मला मान्य नाही. आणि लहान कंपन्या तर एवढेही बोलत नाहीत. त्या गुपचूप बटण दाबतात.

चौथी तक्रार तुमच्या सभागृहाशी संबंधित आहे. संसदेत प्रश्न विचारला की आकडा मिळतो. २०१४ मध्ये ६९ अ खाली ४७१ दुवे रोखले, २०२० मध्ये ९,८४९. वीसपटीने वाढलेल्या या आकड्यातला एकही आदेश तुम्हाला वाचायला मिळत नाही. माहिती अधिकारात विचारले तर नियम १६ दाखवला जातो. नियम १४ प्रमाणे पुनर्विलोकन समितीने दर दोन महिन्यांनी किमान एकदा बसून हे आदेश तपासायचे आहेत. ती समिती किती वेळा बसली, किती आदेश तिने रद्द केले? ज्या संसदेने हा अधिकार सरकारला दिला, तिनेच तो कसा वापरला जातो हे विचारू नये का?

आणि आता ६९ अ ची ही पद्धतही मागे पडू लागली आहे. कलम ७९(३)(ब) (सरकारने कळवूनही बेकायदा मजकूर न काढणाऱ्या कंपनीचे कायदेशीर संरक्षण काढून घेणारी तरतूद) आणि अशा सूचना पाठवण्यासाठीचे केंद्राचे 'सहयोग' पोर्टल यांच्या मार्गाने वेगवेगळ्या खात्यांचे अधिकारी आणि पोलीस थेट कंपन्यांना मजकूर काढायच्या सूचना देतात. तिथे ६९ अ च्या नियमांतली, मजकूर रोखण्याच्या विनंत्या तपासणारी समितीही नाही. एक्सने याविरुद्ध केलेली याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने फेटाळली. गुप्ततेचे दार एकदा सवयीचे झाले की त्यातून काय काय आत येते, ते यावरून दिसते.

यावर उत्तर ठरलेले असते: देशाची सुरक्षा. ते मी हलक्यात घेत नाही. दंगल भडकवणारा खोटा व्हिडिओ तासाभरात थांबवावा लागतो, हे मला कळते, आणि नियम ९ मध्ये तातडीची तरतूद आहेच: आधी रोखा, मग ४८ तासांत समितीपुढे आणा. त्याला माझा विरोध नाही. पण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आहे. फोन टॅप करायचा असेल तर ज्याचा टॅप करायचा त्याला सांगून चालणार नाही, हे उघड आहे. साइट बंद करणे ही तशी गोष्टच नाही. ती बंद झालेली साऱ्या जगाला दुसऱ्या मिनिटाला दिसते. ज्याची आहे त्याला तर सगळ्यात आधी दिसते. मग गुप्त राहते काय? फक्त कारण, आणि त्याखालची सही. ते गुप्त राहिल्याने कुठल्या अतिरेक्याची अडचण होते? अडचण होते ती दाद मागणाऱ्याची.

जिथे गुप्ततेला खरोखर काही अर्थ असतो तिथेही तिला मुदत नसली की काय होते, हे अमेरिकेने अनुभवले आहे. २००४ मध्ये निकोलस मेरिल या छोट्या इंटरनेट कंपनीच्या मालकाला एफबीआयचे 'नॅशनल सिक्युरिटी लेटर' मिळाले. न्यायाधीशाची सही नाही, गिऱ्हाइकाची माहिती द्या, आणि हे पत्र मिळाल्याचे कोणाला सांगू नका. तो न्यायालयात गेला तेही 'जॉन डो' या खोट्या नावाने. स्वतःचे नाव सांगायची मुभा त्याला २०१० मध्ये मिळाली आणि पत्रात नेमके काय मागितले होते हे सांगायला २०१५ उजाडले. कनेक्टिकटच्या चार ग्रंथपालांचे उदाहरण मला त्याहून जास्त टोचते. २००५ मध्ये त्यांच्या संस्थेकडे तसेच पत्र आले. त्याच वेळी तिथल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, अशा पत्रांचा अधिकार वाढवणाऱ्या 'पेट्रियट' कायद्याला मुदतवाढ द्यावी की नाही यावर चर्चा चालू होती. असे पत्र कसे येते आणि ते आल्यावर काय होते, हे अनुभवाने सांगू शकणारी माणसे तिथे हजर होती, पण त्यांना बोलायला बंदी होती. मुदतवाढ मंजूर झाली, आणि त्यानंतर त्यांची तोंडे मोकळी झाली. खासदार महोदय, तुम्ही सभागृहात या विषयावर बोलायला उभे राहाल तेव्हा तुमचीही हीच स्थिती असेल. ज्यांना माहीत आहे त्यांना बोलता येत नाही, आणि ज्यांना बोलता येते त्यांना माहीत नाही.

पुढे २००७ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांनी या पत्रांच्या वापरातले गैरप्रकार अहवालात मांडले. २०१५ च्या कायद्याने अशा तोंडबंदीचा ठरावीक टप्प्यांवर फेरविचार करणे तिथे बंधनकारक झाले. आपल्याकडे १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे बाधित लोकांना त्यांना आव्हान देता येईल. तो खटला काश्मीरचा होता. सुरक्षेचा प्रश्न याहून नाजूक कुठे असेल? अख्ख्या प्रदेशाचे इंटरनेट बंद करणारा आदेश भिंतीवर लावता येतो, तर एका शिक्षकाची साइट बंद करणारा आदेश त्या शिक्षकाला का दाखवता येत नाही? याचे उत्तर मला कोणीही द्यावे.

हे प्रकरण न्यायप्रविष्ट आहे म्हणून तुम्ही थांबू नये, ही विनंती. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांना आव्हान देणाऱ्या याचिकेवर केंद्राला नोटीस काढली, ते चांगलेच झाले. पण ६९ अ च्या मजकुरात गोपनीयतेची अट कुठेही नाही. संसदेने ती घातलेली नाही. ती सरकारने नियमात घातली, आणि सरकारचे नियम दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचे असतात, ते बदलायचा अधिकार सभागृहांना आहे, हे याच कायद्याच्या कलम ८७ मध्ये लिहिले आहे. त्यामुळे हे काम मुळात तुमचे आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

नियम १६ रद्द करा. ज्याचा मजकूर रोखला त्याला आदेशाची आणि कारणांची प्रत मिळालीच पाहिजे. त्यातला एखादा भाग खरोखर धोक्याचा असेल तर तेवढाच झाका, आणि का झाकला ते लिहा.

ज्या कंपनीला आदेश मिळाला तिने आपल्या गिऱ्हाइकाला तसे कळवले, तर तिच्यावर किंवा तिच्या कर्मचाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहा. तपासाच्या कारणाने काही काळ गप्प राहायला सांगायचे असेल तर त्याला मुदत हवी. मुदत वाढवायची तर न्यायाधीशापुढे जाऊन वाढवा. ज्याने आदेश काढला त्याच खात्याने नको.

रोखलेल्या प्रत्येक पानावर तसे लिहिलेले दिसले पाहिजे. घराला सील ठोकतात तेव्हा दारावर कागद चिकटवतात: कुठले कार्यालय, कुठला आदेश, दाद कुठे मागायची. इंटरनेटवर याची सोय २०१६ पासून आहे, ४५१ क्रमांकाचा संदेश खास 'कायदेशीर कारणाने उपलब्ध नाही' हे सांगण्यासाठी ठरवला गेला. तो लावायला फारसा खर्च येत नाही, हे मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगतो. आज जोडणी नुसती तुटते, आणि वापरणाऱ्याला वाटते आपले नेट गेले.

आणि दरवर्षी संसदेपुढे अहवाल ठेवा: ६९ अ खाली किती आदेश, ७९(३)(ब) खाली किती, कुठल्या खात्याकडून किती, किती जणांना आधी ऐकून घेतले, किती आदेश तातडीचे, पुनर्विलोकन समिती किती वेळा बसली आणि तिने किती आदेश फिरवले.

येत्या अधिवेशनात निदान यातला एक प्रश्न तारांकित म्हणून विचारा. अशासकीय विधेयक आणता आले तर आणा. नियमांची छाननी करणाऱ्या संसदेच्या समितीला नियम १६ तपासायला सांगा. आणि तुमचे मत याउलट असेल, हे आदेश गुप्तच राहावेत असे तुम्हाला खरोखर वाटत असेल, तर तेही मतदारसंघात उघडपणे सांगा. मी ते ऐकून घ्यायला तयार आहे आणि त्यावर तुमच्याशी बोलायलाही. या पत्राला मिळेल ते प्रत्येक उत्तर मी जसेच्या तसे प्रसिद्ध करीन, आणि ज्यांचे उत्तर आले नाही त्यांची नावेही.

आपला,
लहान वेबसाइटचे सर्व्हर सांभाळणारा एक मतदार